पहिली हायब्रिड सायकल: कमी पैशांत काय बघावं, काय सोडावं

बजेट कमी असलं की सायकलवरची प्रत्येक जादा गोष्ट कुठल्या तरी दुसऱ्या गोष्टीच्या जिवावर येते. पुढे शॉक दिला की चाकांत काटकसर होते, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक लावले की हब (चाकाचा मधला भाग) आणि क्रँक (पॅडलचा दांडा) हलक्या प्रतीचे येतात, २१ गिअरचा स्टिकर लावला की ते गिअर बदलणारा डिरेलर तकलादू निघतो. नवखा माणूस दुकानात नेमकी हीच यादी मोजतो: शॉक आहे, डिस्क आहे, गिअर २१ आहेत. स्वस्त हायब्रिड निवडताना ही यादी जितकी छोटी, तितकी सायकल चांगली असण्याची शक्यता जास्त. खालचं सगळं मार्गदर्शन याच एका हिशेबावर उभं आहे.

हायब्रिड म्हणजे सरळ हँडल, ७००सी मापाची चाकं, ३२ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर आणि कंबर फार न वाकवता बसता येईल अशी फ्रेम. रोजची ये-जा, व्यायाम, सुट्टीच्या दिवशी तीस-चाळीस किलोमीटर, अधूनमधून कच्चा रस्ता, एवढ्यासाठी ती उत्तम. दगडधोंड्यांच्या पायवाटांवर उड्या मारायच्या असतील तर ती घेऊ नका. वेगवान गटाबरोबर लांब पल्ले मारायचे असतील तरी वर्षभरात तिचा कंटाळा येईल.

आधी स्वतःचं माप, मग सायकल

चुकीच्या मापाची महागडी सायकल घरात पडून राहते, योग्य मापाची साधी सायकल चालवली जाते. म्हणून सुरुवात टेपने करा. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहा, पायांत साधारण १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये धरून, सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितका वर दाब द्या. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर हे तुमच्या पायाचं आतलं माप. दोनदा मोजा, कारण पहिल्या वेळी सगळेच पुस्तक सैल धरतात.

या मापाला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची साधारण मिळते. आतलं माप ८० सेंटिमीटर असेल तर सीट सुमारे ७०.५ सेंटिमीटरवर. नवशिक्याने सुरुवातीला एक-दोन सेंटिमीटर खाली ठेवून हळूहळू वर न्यावी. पडताळा सोपा आहे: पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा, गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पंजाचा पुढचा भाग पॅडलवर आणला की गुडघ्यात हलकासा बाक उरतो, तो हवाच. सीट खाली ठेवून सायकल चालवल्याने गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. बसल्या जागेवरून दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत ही समजूत त्याचं मुख्य कारण आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं.

ही उंची मिळवताना सीटपोस्ट (सीटखालची नळी) त्यावरच्या मर्यादेच्या खुणेपेक्षा बाहेर येत असेल तर फ्रेम लहान आहे. सायकलवर दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर वरच्या दांड्यापासून तीन ते पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. मात्र आता बहुतेक हायब्रिडचा वरचा दांडा मागे उतरता असतो, त्यामुळे ही कसोटी मोठी फ्रेमही पास होते. खरी कसोटी लांबीची. ग्रिपवर हात ठेवून बसा. कोपरं ताठ होत असतील, खांदे कानांकडे चढत असतील किंवा शरीराचं वजन तळहातांवर येत असेल, तर सायकल लांब आहे. हँडल वळवताना ते गुडघ्याला लागू पाहत असेल तर आखूड आहे.

छोटी, मध्यम, मोठी या लेबलांवर विसंबू नका. एका कंपनीचं मध्यम दुसरीचं मोठं असतं, आणि १७ इंच किंवा ४३ सेंटिमीटर हे आकडेही प्रत्येक जण फ्रेमच्या वेगळ्या बिंदूंवरून मोजतो. कंपनीच्या माहितीपत्रकात वरच्या दांड्याची आडवी लांबी दिलेली असते, दोन सायकलींची तुलना त्यावरून करा. दोन मापांच्या मधोमध अडकलात तर बहुतेकांनी लहान घ्यावं: सीट वर नेता येते, स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) बदलता येतो, पण फ्रेम आखूड करता येत नाही. हात उंचीच्या मानाने लांब असतील तर मोठं माप चालेल. स्टेम १० ते २० मिलिमीटर आखूड करून बसणं सुधारतं. त्याहून जास्त फरक लागत असेल तर ती सायकल तुमची नाही. आणि हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे सरकवू नका, त्याने गुडघ्याची जागा बिघडते.

फ्रेम, आणि शॉकचा मोह

या किमतीत दोन प्रकारच्या फ्रेम मिळतात, ॲल्युमिनियमच्या आणि साध्या हाय-टेन पोलादाच्या. ॲल्युमिनियम हलकं आणि न गंजणारं. पोलाद जड, पण वाईट नाही. त्यातला क्रोमोली प्रकार मिळाला तर उत्तमच. शॉक नसलेली बरी ॲल्युमिनियम हायब्रिड १२ ते १४ किलोत बसते. १६ च्या वर गेली तर वजन नक्की कशात आहे ते शोधा. दुकानात वजनकाटा असेल तर सायकल उचलून त्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा, माहितीपत्रकापेक्षा हा आकडा खरा.

बहुतेक वेळा वजनाचं उत्तर पुढच्या शॉकमध्ये सापडतं. स्वस्त शॉकमध्ये आत एक स्प्रिंग असते आणि तिची उसळी आवरणारी यंत्रणा जवळपास नसते. साध्या फोर्कपेक्षा (पुढचं चाक धरणाऱ्या दुफाट्यापेक्षा) तो एक-सव्वा किलो तरी जड भरतो, चढावर उभं राहून पॅडल मारलं की तुमची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते, आणि वर्ष-दोन वर्षांत आतल्या बुश झिजून पुढचं चाक खडखडायला लागतं. तो उघडून दुरुस्त करण्यापेक्षा नवा टाकणं स्वस्त पडतं, म्हणजे कुणीच काही करत नाही. रस्त्यावरचे हादरे कमी करायला ४० मिलिमीटरचा टायर आणि त्यात योग्य हवा पुरेशी आहे. या बजेटमध्ये साधा, ताठ फोर्क घ्या.

फ्रेमवर आणखी दोन गोष्टी बघा. मागच्या ॲक्सलजवळ (चाकाच्या आसाजवळ) आणि सीटखाली कॅरिअर आणि मडगार्डसाठी आट्यांची भोकं आहेत का? रोजच्या वापराला ती लागतातच. दुसरं, मागचा डिरेलर जिथे टांगलेला असतो तो छोटा तुकडा, हँगर, वेगळा स्क्रूने बसवलेला आहे का? सायकल उजव्या बाजूला पडली की आधी तो वाकतो, आणि तेच त्याचं काम आहे. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळ्या आकाराचा असतो आणि मॉडेल बंद झालं की शोधून सापडत नाही, म्हणून सायकलीबरोबरच एक जादा मागून घ्या.

गिअर किती, हा चुकीचा प्रश्न

पुढे तीन आणि मागे सात म्हणजे २१ हे गणित बरोबर आहे, पण त्यातले कितीतरी गिअर एकमेकांसारखेच असतात आणि काही चेन तिरकी होते म्हणून वापरायचे नसतात. विचारायचं ते हे: सगळ्यात हलका गिअर किती हलका आणि सगळ्यात जड किती जड.

पुढच्या चक्राच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागा. पुढे ४२, मागे १४ म्हणजे ३. ७००सी चाकावर ३८ मिलिमीटरचा टायर असेल तर चाकाचा परीघ सुमारे २.१८ मीटर, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल साडेसहा मीटर जाते. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ३१ किलोमीटर. नवख्याला याहून जड गिअर फक्त उतारावर लागतो. आता दुसरं टोक: पुढे २४, मागे २८ म्हणजे ०.८६, आणि त्याच फेऱ्यांना वेग ताशी ९ किलोमीटर. चढ असलेल्या भागात हे उत्तर १ च्या खाली यायलाच हवं, नाहीतर उतरून ढकलावं लागेल. पुढे एकच ४० दात्यांचं चक्र आणि मागे ११ ते ३४ असेल तर हलका गिअर १.१८ वर थांबतो. सपाट शहरात ही मांडणी झकास, कारण पुढचा डिरेलर नाही म्हणजे बिघडणारी एक गोष्ट कमी. घाटात मात्र ती दमवते. पुढे ४६ आणि ३०, मागे ११ ते ३४ असे आठ, हा मध्यममार्ग मिळाला तर आनंदाने घ्या. त्यात ४.१८ पासून ०.८८ पर्यंत सगळं येतं.

आता दुकानात सहसा कुणी न सांगणारी गोष्ट. मागची चक्रं दोन पद्धतींनी बसवतात. जुनी पद्धत फ्रीव्हीलची: चक्रांचा गठ्ठा हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. यात हबचं उजवीकडचं बेअरिंग गठ्ठ्याच्या आतल्या बाजूला राहतं आणि ॲक्सलचा बराच भाग आधाराविना बाहेर लोंबतो. चालवणारा वजनदार असला किंवा रस्ता खड्ड्यांचा असला की हा ॲक्सल वाकतो, कधी तुटतोही. दुसरी पद्धत फ्रीहब आणि कॅसेटची. तिथे बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ असतं, त्यामुळे ॲक्सलला आधार मिळतो. ओळखायची युक्ती अशी: मागच्या चाकाकडे उजवीकडून बघत पॅडल उलटं फिरवा. चक्रांच्या मधोमध पाना बसवायच्या खाचा दिसतात. त्या चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट, स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील. वजन ८५ किलोच्या पुढे असेल किंवा कॅरिअरवर सामान लादायचं असेल, तर कॅसेटवाल्या सायकलीसाठी थोडे जास्त पैसे मोजा. इतरांनी फ्रीव्हीलला घाबरायचं कारण नाही.

शिमानोच्या मालिका खालून वर टूर्नी, आल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओर अशा आहेत. टूर्नी नीट बसवली तर काम करते, आल्टसपासून गिअर जास्त दिवस जुळलेले राहतात. नव्या मॉडेलवर क्यूज हे नावही दिसेल, त्याचे सुटे भाग जुन्या मालिकांशी सरसकट जुळत नाहीत. एक जुनी चलाखी ओळखून ठेवा: मागचा डिरेलर सगळ्यांच्या नजरेत येतो, म्हणून तेवढा एक पायरी वरचा लावायचा आणि क्रँक, हब, चेन निनावी. पुढची चक्रं क्रँकला रिव्हेटने ठोकलेली असतील तर एक झिजलं तरी अख्खा क्रँक बदलावा लागतो. बोल्टने लावलेली असतील तर एकेक बदलता येतं.

ब्रेक

इथे मत स्पष्ट आहे. चांगले व्ही-ब्रेक (रिमवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे) हे स्वस्त केबलच्या डिस्कपेक्षा बरे. व्ही-ब्रेक हलके, पॅड कुठेही मिळतात, दुरुस्ती घरी ५ मिलिमीटरच्या ॲलन कीने होते. पावसात चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या पाणी पुसण्यात जातात आणि रिम हळूहळू झिजते, हे त्यांचे दोष. त्यामुळे रिमवरची झिजेची खूण मधूनमधून बघायची. हाताने दाबायचे ब्रेकचे दांडे धातूचे हवेत, प्लॅस्टिकचे जोरात दाबल्यावर वाकतात आणि तितका दाब वाया जातो.

स्वस्त केबल डिस्कमध्ये बहुधा एकच पॅड सरकतो आणि तो चकतीला वाकवून स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजले की स्थिर बाजूचा स्क्रू आत घेऊन अंतर जुळवावं लागतं. ते न केल्यामुळे ‘डिस्क लागतच नाही’ अशी तक्रार येते. हायड्रॉलिक डिस्क बजेटात बसत असेल, उदाहरणार्थ शिमानोच्या साध्या मालिकेतली, तर बाकी सगळ्यापेक्षा तिला प्राधान्य द्या. फक्त चाक काढलेलं असताना दांडा दाबू नका, नाहीतर पॅड एकमेकांना चिकटून बसतात. चकतीवर तेलाचा थेंब किंवा कुठलाही स्प्रे जाऊ देऊ नका. तेल प्यायलेले पॅड साफ होत नाहीत, बदलावेच लागतात.

चाकं आणि टायर

चाक उचलून फिरवा आणि रिम व ब्रेक पॅडमधली फट बघा. डिस्क असेल तर फ्रेमच्या नळीजवळ बोट धरून अंदाज घ्या. एक मिलिमीटरपर्यंतचा आउट (चाकाचा डावी-उजवीकडचा हेलकावा) चालतो, त्याहून जास्त असेल तर सायकल ताब्यात घेण्यापूर्वी काढून मागा. रिम दुहेरी भिंतीची आहे का ते विचारा, मागच्या चाकाला ३२ किंवा ३६ तारा असाव्यात. एका बाजूच्या तारा बोटाने छेडत जा. आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादी तार ‘भद्’ वाजली तर ती सैल आहे, आणि सैल तारेच्या शेजारच्या तारा तुटतात.

टायरवर ४०-६२२ असा आकडा असतो. ४० ही रुंदी, ६२२ हा रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये. ट्यूब घेताना हाच आकडा सांगा, कारण इंचातली नावं फसवतात. डांबरी रस्त्याला मधोमध गुळगुळीत, कडेला बारीक नक्षी असलेला ३५ ते ४० चा टायर हवा. गाठी असलेला टायर भुणभुणतो आणि ताकद खातो. ७० किलोच्या माणसाला ३८ च्या टायरमध्ये साधारण ५० पीएसआय हवा ठीक, मागे पुढच्यापेक्षा पाचेक जास्त. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही, पण तिथपर्यंत भरायचीही गरज नाही. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. अशा जोडचिरा दिसल्या तर टायरमध्ये काटा शोधत बसू नका.

दुकानात चालवून बघताना

सायकल बहुतेक वेळा अर्धवट जोडलेल्या अवस्थेत खोक्यातून येते. तिची जोडणी करणाऱ्याचा हात तिच्या मॉडेलइतकाच महत्त्वाचा. चालवण्यापूर्वी हे तपासा:

- फोर्क उलटा तर नाही ना? त्याचा बाक आणि ॲक्सल पुढच्या दिशेला हवेत. ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही.
- डावं पॅडल हाताने आत गेलंय की पान्याने कोंबलंय? डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. जबरदस्तीने तिरकं बसवलं तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे जातात, आणि ते महिनाभराने पॅडल निखळल्यावर कळतं.
- पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलच्या नळीत टकटक जाणवली तर तिथलं बेअरिंग सैल आहे.
- पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल वळवा, ते जागचं हललं तर स्टेमचे बोल्ट सैल आहेत.
- दोन्ही क्रँक बाजूला ओढून बघा. अजिबात खेळ नको.

मग किमान दहा-पंधरा मिनिटं चालवा, थोड्या चढावरही. सगळे गिअर एकेक करून वर आणि खाली न्या. चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल तर केबलचा ताण कमी आहे, जागेवर दुरुस्त होतं. जोरात पॅडल मारल्यावर चेन सटकत असेल तर ती सायकल जुळवून झाल्याशिवाय घेऊ नका. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. सपाट मोकळ्या जागी एक हात क्षणभर सोडा. सायकल एकाच बाजूला ओढत असेल तर फोर्क किंवा मागचं चाक वाकडं बसलंय. सीट कडक वाटली म्हणून सायकल नाकारू नका. जाड गादीची सीट पहिल्या दहा मिनिटांत सुखाची आणि तासाभराने त्रासाची असते.

सगळं बजेट सायकलवर उडवू नये. पाचवा हिस्सा बाजूला ठेवा: हेल्मेट, मजबूत कुलूप, पुढचा-मागचा दिवा, पंप, एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंक्चरचं सामान, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की, चेनचं तेल. पंप घेण्याआधी वॉल्व्ह बघा. बारीक प्रेस्टा आणि जाड, मोटारीसारखा श्रेडर या दोघांना पंपाचं तोंड वेगळं लागतं.

जुनी सायकल

त्याच पैशांत जुनी घेतली तर एक-दोन पायऱ्या वरची सायकल मिळते, डोळे उघडे ठेवले तर. हँडलच्या नळीला खालचा दांडा जोडला जातो त्या जागी, खालून, बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा उंचवटा लागला तर सायकल समोरून आपटलेली आहे, ती सोडून द्या. वेल्डिंगजवळ केसासारखी रेघ दिसली तरी सोडा. सीटपोस्ट सैल करून हलतो का बघा. वर्षानुवर्षं न हललेला पोस्ट फ्रेममध्ये जाम झालेला असतो आणि तो काढण्यात फ्रेम जाऊ शकते. क्रँकच्या खाली कोरलेला फ्रेमचा क्रमांक पावतीशी ताडून बघा. तो घासलेला असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. टायर, चेन, केबल, ब्रेक पॅड हे सगळं बदलण्याचा खर्च धरून भाव करा.

पहिले १५० किलोमीटर

नवी सायकल या काळात सैल होते, हा तिचा दोष नाही. केबलचं आवरण जागेवर बसतं आणि केबल ढिली पडते, तारांचा ताण उतरतो, बोल्ट बसतात. मोफत सर्व्हिसिंग असेल तर ती टाळू नका, आणि तिथे ‘चाकांचा आउट आणि तारांचा ताण बघा’ असं तोंडाने सांगा. नुसतं पुसून परत दिलेल्या सायकलीला सर्व्हिसिंग म्हणत नाहीत.

मधल्या काळात गिअर बिघडले तर मागच्या डिरेलरजवळची केबलची गोल फिरकी घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवून बघा. चेन मोठ्या चक्राकडे चढत नसेल तर याने सुटतं. उलट चेन छोट्या चक्राकडे उतरायला अडत असेल तर पाव फेरी दुसरीकडे. डाव्या क्रँकमधून टकटक आली तर त्याच दिवशी त्याचा बोल्ट आवळा. सैल क्रँक तसाच चालवला तर त्याचं चौकोनी भोक मोठं होतं आणि मग कितीही आवळला तरी तो बसत नाही.

चेन दर १५० ते २०० किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकेक थेंब तेल सोडा. पाच मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून टाका, कारण ते धूळ धरतं. गंज सोडवायचे स्प्रे वंगण म्हणून वापरू नका, त्यांनी आतलं तेलच धुऊन निघतं. काही महिन्यांनी चेनवर पट्टी ठेवून २४ सांधे मोजा. नव्या चेनमध्ये पहिल्यापासून पंचविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत ३०४.८ मिलिमीटर भरतात. हे अंतर ३०७ झालं की चेन बदला. तशीच ओढत राहिलात तर ती मागचे दाते खाते, आणि मग नवी चेन त्या दात्यांवर सटकते म्हणून चक्रांचा गठ्ठाही बरोबर बदलावा लागतो.